आयरिश कुलांचा शोध व त्याचीं साधनें

आयर्लंडांतून परदेशीं गेलेल्या कुटुंबांचे वंशज आज अमेरिका, कानडा, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांत कोट्यवधि आहेत, व त्यांपैकीं पुष्कळांस आपलें मूळ गांव व मागें राहिलेले आप्त शोधून काढण्याची उत्कंठा असते. ह्या शोधाचीं साधनें कोणतीं, त्यांपैकीं कोणतीं कशानें नष्ट झालीं, व उरलेल्यांवर कितपत भिस्त ठेवावी, ह्याचा थोडक्यांत विचार येथें करावयाचा आहे. जुनीं दप्तरें जमविणाऱ्या आपल्याकडील जिज्ञासूंस तो अप्रस्तुत वाटूं नये.

प्रथम नाशाची हकीकत. डब्लिन येथें 'फोर कोर्ट्स' ह्या न्यायालयाच्या आवारांत सरकारी दप्तरखाना होता. १९२२ सालच्या यादवी युद्धांत ह्या जागेवर तोफा डागण्यांत आल्या, व ३० जून रोजीं स्फोट होऊन दप्तरखाना जळाला. सुमारें सातशें वर्षांचे कागद भस्म झाले. १८२१ ते १८५१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्यांचीं मूळ पत्रकें कांहीं तुकडे वगळतां गेलीं. बहुतेक मृत्युपत्रें गेलीं. आणि 'चर्च ऑफ आयर्लंड' ह्या पंथाच्या अर्ध्याहून अधिक पॅरिशांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या वह्याही गेल्या.

सगळा दोष ह्या आगीच्या माथीं मारण्याचा प्रघात आहे. तो बरोबर नाहीं. १८६१ व १८७१ चीं पत्रकें सरकारच्याच हुकमानें पूर्वींच नष्ट करण्यांत आलीं होतीं, व १८८१ आणि १८९१ चीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत लगदा करण्यासाठीं दिलीं गेलीं. म्हणजे आठ खानेसुमाऱ्यांपैकीं चार अग्नीनें नेल्या व चार कचेरीच्या अविचारानें. १९०१ व १९११ च्या मात्र समग्र उरल्या आहेत.

ह्या हानीचें मोल पुढील आंकड्यांवरून ध्यानांत येईल. १८४१ सालीं आयर्लंडची लोकसंख्या सुमारें ८१ लक्ष ७५ हजार होती. बटाट्यावरील रोगानें १८४५ पासून जो महादुष्काळ पडला त्यानंतर, १८५१ सालीं, ती ६५ लक्ष ५२ हजार उरली. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व तितकींच किंवा अधिक देशत्याग करून गेलीं. एकट्या १८४७ सालीं कानडांतील ग्रोस आईल ह्या बेटावर ५,००० हून अधिक लोक पुरले गेले. ज्या पिढीचा शोध वंशजांस सर्वांत अधिक करावयाचा असतो, नेमकीं तिचींच पत्रकें हातीं राहिलीं नाहींत.

आतां उरलेलीं साधनें. बहुसंख्य कॅथॉलिक समाजाच्या वह्या त्या त्या पॅरिशांतच राहिल्या, म्हणून त्या वांचल्या. राष्ट्रीय ग्रंथालयानें १९५० नंतर त्यांचीं सूक्ष्मचित्रें घेतलीं, व २०१५ सालीं तीं इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं. ह्या वह्यांतील पुष्कळशा नोंदी लॅटिन भाषेंत आहेत. त्यांत जेम्सचा 'याकोबुस' व विल्यमचा 'गुलिएल्मुस' होतो, हें वाचकानें विसरूं नये. दुसरें साधन रिचर्ड ग्रिफिथ ह्यानें १८४७ ते १८६४ ह्या काळांत केलेली जमिनींची व घरांची आकारणी. तींत वहिवाटदाराचें नांव व त्याचें 'टाउनलँड' मिळतें; बायकामुलांचीं नांवें मिळत नाहींत. टाउनलँड हा जमिनीचा सर्वांत लहान विभाग. असे विभाग साठ हजारांहून अधिक आहेत, व तो कळल्यावांचून शोध पुढें सरकत नाहीं. तो बहुधा परदेशच्या कागदांतच सांपडतो. बोस्टनच्या 'पायलट' पत्रांत १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती येत. त्यांतील कित्येकींत मूळ पॅरिश व देश सोडल्याचें सालही दिलेलें असतें.

नांवांविषयींही सावध असावें. संस्कृतांत अपत्यार्थी प्रत्यय शब्दाच्या शेवटीं लागतो, जसें दाशरथि. आयरिश भाषेंत तो अर्थ आरंभींच्या शब्दानें होतो. 'मॅक' म्हणजे पुत्र, 'ओ' म्हणजे नातू अथवा वंशज. इंग्रजी अमलांत पुष्कळांनीं हे शब्द गाळले व पुढें कांहींनीं ते पुन्हां धारण केले. म्हणून एकाच कुळाची एक शाखा ओ'सलिव्हन व दुसरी नुसती सलिव्हन आढळते.

नामसाम्यावर विसंबल्यानें काय होतें, ह्याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १८९२ रोजीं न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावरचें ठाणें उघडलें. तेथें प्रथम उतरली ती कॉर्कची ॲनी मूर; तिला दहा डॉलरचें सोन्याचें नाणें मिळालें. पुढें टेक्ससमध्यें वारलेली त्याच नांवाची एक स्त्री तीच होय, असें अनेक वर्षें मानलें गेलें. २००६ सालीं मेगन स्मोलेन्याक ह्या संशोधिकेनें दाखविलें कीं, टेक्ससची बाई मुळांत इलिनॉयमध्यें जन्मलेली होती. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कोठें गेलीच नव्हती. ती १९२४ सालीं वारली व क्वीन्समधील दफनभूमींत शिळेवांचून पडून होती. तिच्या थडग्यावर २००८ सालीं शिळा बसली. कुटुंबांतील आख्यायिका हें आप्तवाक्य खरें. परंतु समकालीन कागदाचा आधार मिळेपर्यंत तें प्रमाण होत नाहीं.

आपल्या प्रांताशींही ह्या विषयाचा सरळ संबंध आहे. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा असे. १८१७ सालीं खडकीस लढलेली मुंबईची गोरी पलटण पुढें राणीच्या फौजेंत १०३ वी झाली, व १८८१ सालीं रॉयल डब्लिन फ्युसिलिअर्सची दुसरी बटालियन बनली. मुंबई इलाख्यांतील ख्रिस्ती बाप्तिस्मे, विवाह व दफनें ह्यांच्या नकला विलायतेस जात. त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. घरची वही जळाली तरी एखाद्या आयरिश शिपायाचें नांव अशा नकलेंत सांपडूं शकतें.

एकत्र ठेविलेलें दप्तर एका दिवसांत गेलें, विखुरलेलें राहिलें. ज्या कांहीं पाद्र्यांनीं आपल्या वह्या डब्लिनास धाडण्यापूर्वीं उतरून घेतल्या, त्यांच्या गांवांचा इतिहासही राहिला. तेव्हां ज्यांच्या घरीं एखादा जुना रुमाल आहे, त्यांनीं तो कोठेंही सुपूर्त करण्याआधीं त्याची नक्कल करावी, व कागद कोणत्या घरचा व कोठें मिळाला हें तिच्यावर नोंदावें.