सीडरचा खांब आणि परका शब्द

१७९१ हे साल या कहाणीत दोनदा येते. त्या वर्षी लंडनमध्ये जॉन लाँग या व्यापाऱ्याचे प्रवासवर्णन छापले गेले आणि ग्रेट लेक्सच्या परिसरातल्या ओजिब्वे लोकांचा कुळाशी निगडित एक शब्द ‘टोटम’ या रूपात इंग्रजीत उतरला. त्याच वर्षी, तिथून हजारो किलोमीटर पश्चिमेला, आजच्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत असलेल्या लांगारा बेटावरच्या दादेन्स गावी ‘गुस्टेव्हस’ जहाजाचा खलाशी जॉन बार्टलेट याने एका हैदा घराचे चित्र काढले. अख्खे झाड खालपासून वरपर्यंत कोरून घरासमोर उभे केलेले, पायथ्याला माणसाचे मस्तक, आणि आत जायची वाट त्या मस्तकाच्या दातांमधून! हैदांच्या खांबाचे हे आपल्याला ठाऊक असलेले सर्वांत जुने चित्र. ओजिब्वेंच्या शब्दाची हैदांच्या खांबाशी गाठ पुढे परक्यांनीच मारली. हैदा त्याला ‘ग्याआंग’ म्हणतात.

मराठीत टोटेमला देवक म्हणण्याची पद्धत आहे आणि ती अगदीच अस्थानी नाही. एका देवकात सोयरीक होत नाही. हैदांमध्येही कावळा आणि गरुड असे दोन पक्ष असून लग्न दुसऱ्या पक्षातच करावे लागते, आणि मूल आईच्या पक्षाचे मानले जाते. पण देवकाची प्रतिष्ठापना होते, खांबाची पूजा होत नाही. अस्वल, देवमासा, बीव्हर, बेडूक ही चिन्हे म्हणजे घराण्याची मालमत्ता. ती कोरण्याचा हक्क वारशाने येतो आणि जमलेल्या पाहुण्यांसमोर तो सिद्ध करावा लागतो. त्यासाठी ‘पॉटलॅच’ नावाचा मोठा समारंभ होई. आलेल्यांना यजमान भेटी देई आणि भेट घेणारा साक्षीदार ठरे. खांब हा जणू त्या साक्षीचा दस्तऐवज.

लोखंड हैदांना अगदी नवे नव्हते. वाहून आलेल्या फळ्यांमधले लोखंड ते वापरत असावेत. १७७४मध्ये हुआन पेरेझचे स्पॅनिश जहाज हैदांच्या बेटांजवळ आले, मग समुद्री पाणमांजराच्या कातड्यांचा व्यापार फोफावला. कातड्यांच्या बदल्यात आलेल्या पात्यांनी वाकस आणि पटाश्या धारदार झाल्या, घराण्यांच्या हाती पैसा आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावोगावच्या किनाऱ्यांवर खांबांची रांगच्या रांग उभी राहिली. काही घराला लागून, काही स्मरणार्थ, तर काहींच्या माथ्यावर पेटीत मुखियाच्या अस्थी. परक्यांचा सहवास या कलेला मारक ठरला असे सरसकट म्हणता येत नाही. पहिली सत्तरेक वर्षे तो तिचा आश्रयदाताच होता.

मग १८६२ उजाडले. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजाबरोबर देवीची साथ त्याच किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरिया शहरात शिरली. शहराबाहेर तळ ठोकलेल्या आदिवासींना अधिकाऱ्यांनी उपचारांऐवजी हुसकावून लावले आणि त्यांच्या होड्यांतून रोग किनाराभर पोचला. हजारोंनी असलेले हैदा विसाव्या शतकाच्या आरंभी जेमतेम सहाशे उरले होते. बाहेरची गावे ओस पडली. उरलेली माणसे स्किडगेट आणि मॅसेट या दोन गावांत एकवटली. १८८४च्या कायद्याने कॅनडाने पॉटलॅचवर बंदी घातली. साक्षीदारच नाहीत, तर खांब कुणासाठी उभारायचा? मिशनऱ्यांचा दबाव होताच. पाठोपाठ संग्राहक आले. मॅसेटच्या ‘तारा-घरा’समोरचा अकरा मीटरहून उंच खांब १९०१मध्ये ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात पोचला, आजही तो तिथेच, छपराखाली आहे.

१९५७मध्ये विल्सन डफ आणि हॅरी हॉथॉर्न हे अभ्यासक स्किडगेटच्या मंडळाच्या परवानगीने स्गांग ग्वाय या ओसाड गावातले अकरा खांब कापून घेऊन गेले. बरोबर बिल रीड होता: रेडिओवरचा निवेदक, आई हैदा, आणि नात्याने थोर कारागीर चार्ल्स इडनशॉच्या वंशाशी जोडलेला. जुने खांब उतरवता उतरवता तो कोरायला शिकला, असे म्हणायला हरकत नाही. मला मात्र खरे वळण त्यानंतरच्या १९६९मध्ये दिसते. हैदा कारागीर रॉबर्ट डेव्हिडसन तेव्हा बाविशीत होता आणि त्याच्या मॅसेटमध्ये एकही जुना खांब उभा नव्हता. त्याने कोरलेला खांब हा गावातला जवळपास नव्वद वर्षांतला पहिला. तो उभारायचा कसा, कोणती गाणी म्हणायची, हे वृद्धांनी एकमेकांच्या आठवणी जुळवून ठरवले. एका नाचाला मुखवटा हवा होता आणि गावात मुखवटाच उरला नव्हता. तेव्हा रॉबर्टच्या आजीने, फ्लॉरेन्सने, कागदी पिशवी डोक्यावर ओढली. ती चार्ल्स इडनशॉची मुलगी.

१९८५मध्ये हैदांच्या लायल बेटावरची जंगलतोड अडवताना ७२ हैदांना अटक झाली. पुढे तो प्रदेश संरक्षित झाला आणि १९९३च्या कराराने हैदा व कॅनडा सरकार मिळून त्याची राखण करू लागले. करार वीस वर्षांचा झाला तेव्हा, १५ ऑगस्ट २०१३ रोजी, त्याच बेटावर जालेन इडनशॉच्या हातचा नवा खांब दोरखंडांनी ओढून उभा केला गेला. त्यावर हातात हात गुंफलेली माणसे आहेत: रस्ता अडवणारी.

स्गांग ग्वाय १९८१पासून जागतिक वारसा आहे. उन्हाळ्यात हैदा पहारेकरी तिथे राहतात, शेवाळ आणि रोपे काढतात, झुकलेल्या खांबांना आधार देतात. पण खांबांचा सीडरही शंभरेक वर्षांत थकतो, आणि जो पडला त्याला ते पुन्हा उभा करत नाहीत. आडव्या खांबांच्या भेगांत आता कोवळी झाडे रुजली आहेत.