इमारतीचे मूल्य आणि तज्ज्ञप्रणाली

'किंमत' आणि 'मूल्य' हे शब्द मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजले जातात. वास्तुरचनेच्या विचारात मात्र त्यांतील भेद सांभाळणे अगत्याचे ठरते. किंमत म्हणजे वस्तूसाठी मोजावा लागणारा पैसा. मूल्य म्हणजे वस्तूने साधलेले प्रयोजन आणि त्यासाठी पडलेला खर्च यांचा संबंध. या भेदावर एक पद्धती उभी करण्याचे श्रेय लॉरेन्स माइल्स या अमेरिकन अभियंत्याचे होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी माल दुर्मिळ झाला असता, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत खरेदीचे काम पाहणाऱ्या माइल्स यांनी, हवी ती वस्तू कोठे मिळेल हे विचारण्याऐवजी तिचे कार्य आणखी कशाने साधेल, हे विचारण्यास आरंभ केला. १९४७ मध्ये त्यातून मूल्यविश्लेषणाची पद्धती सिद्ध झाली. प्रत्येक कार्य एक क्रियापद व एक नाम एवढ्यातच सांगावे, हा तिचा दंडक. खांबाचे कार्य 'भार पेलणे', छपराचे 'पाऊस अडविणे'. वर्णनातून वस्तूचे नाव गळाले की पर्यायांस वाट मोकळी होते, हे भाषेच्या अभ्यासकास सहज पटावे.

या संदर्भात ॲस्बेस्टॉसची हकीकत प्रसिद्ध आहे. रंगकामाच्या जागी जमिनीस आगीपासून जपण्यासाठी ॲस्बेस्टॉस अंथरीत. ते मिळेना, तेव्हा न पेटणारा स्वस्त कागद सापडला. परंतु अग्निसुरक्षेच्या नियमात ॲस्बेस्टॉसचेच नाव असल्याने तो वापरता येईना. अखेर नियम बदलावा लागला. नियमाने वस्तू सांगितली होती, प्रयोजन सांगितले नव्हते.

तज्ज्ञप्रणालींचा इतिहास याहून वेगळ्या वाटेने आला. तज्ज्ञाचे ज्ञान 'अमुक असेल तर तमुक' अशा नियमांत मांडून संगणकाकडून अनुमान करवावे, ही त्यामागील कल्पना. १९६५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डेंड्रल प्रकल्प सुरू झाला. पुढील दशकात तेथेच मायसिन ही वैद्यकीय प्रणाली तयार झाली. मायसिनला 'का?' असे विचारल्यास ती आपला नियम दाखवीत असे. परंतु विल्यम क्लॅन्सी हे त्या नियमांच्या आधारे विद्यार्थ्यांस शिकवू पाहू लागले, तेव्हा नियमांमागची कारणे नियमांत आलेलीच नाहीत, असे त्यांना आढळले. १९८३ मध्ये त्यांनी ही मीमांसा प्रसिद्ध केली. ॲस्बेस्टॉसच्या नियमातील उणीव ती हीच.

हे दोन प्रवाह वास्तुक्षेत्रात १९८० नंतरच्या दशकात जवळ आले. इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात, तेथील सनदी सर्वेक्षकांच्या संस्थेच्या सहकार्याने, 'एल्सी' ही प्रणाली तयार झाली. कार्यालयीन इमारतीचा आराखडा रेखाटण्यापूर्वीच, मालकाच्या गरजांवरून खर्च, कालावधी, बांधकाम सोपविण्याची रीत आणि प्रकल्पाची लाभदायकता यांविषयी सल्ला देणे, हे तिचे कार्य. ही वेळ मोलाची असते. कारण कागदावर रेघ उमटण्यापूर्वी घेतलेल्या निर्णयांनीच खर्चाचा मोठा भाग बांधला जातो.

तेव्हा अशा प्रणालीची परीक्षा तिच्या नियमांच्या संख्येवरून करणे युक्त नव्हे. प्रत्येक नियमासोबत त्याचे प्रयोजन नोंदलेले आहे काय, हे पाहिले पाहिजे. ते नसेल, तर संगणक जुनी सवय अधिक वेगाने पाळील. किंमत कदाचित घटेल, मूल्य वाढेलच असे नाही.