हंडा, भिशी आणि परीक्षेची फी

पुण्यात गरिबाचं पोर उपाशी राहत नाही, असं आमच्या मावळातली म्हातारी माणसं म्हणायची. ते खरं होतं, पण जातीपुरतं. पेठांमध्ये ब्राह्मणाच्या मुलाला वार लावून जेवता येई, माधुकरी मागता येई. १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचे, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाचे, सुरुवातीचे दिवस माधुकरीवरच निघाले. आम्हा कुणब्यांच्या पोरांना ती वाट नव्हती. आमच्यासारख्यांसाठी भाऊराव पाटलांची बोर्डिंगं. पुण्यातलं युनियन बोर्डिंग त्यांनी १९३२ साली काढलं, पुणे कराराच्या आठवणीसाठी.

पण वार घ्या नाहीतर बोर्डिंग घ्या, सोय व्हायची ती भाकरीची. परीक्षेची फी भाकरीनं भरता येत नाही. ती रोख लागते, एकरकमी लागते आणि ठरल्या तारखेच्या आत लागते. १८५९ पासून मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक होती, १९४९ पासून एस. एस. सी. आली. परीक्षा घेणारे बदलले, रोकड काही सुटली नाही. यशवंतराव चव्हाणांच्या काळात कमी उत्पन्नाच्या घरांना फीची माफी मिळाली. लोक तिला ‘बाराशेची सवलत’ म्हणत. तिचं मोल मोठं. तिच्यामुळेच माझ्यासारखी कितीतरी पोरं अकरावीपर्यंत पोचली. पण ती माफी शाळेच्या फीची. फॉर्म भरायची वेळ आली की पुन्हा घरात शोधाशोध सुरू.

आम्ही कसबा पेठेत, कुंभारवाड्याच्या बाजूला, नदीकडच्या एका वाड्यात तळमजल्यावर राहायचो. वडील मंडईत हमाली करायचे. जवळच तांबट आळी. पहाटेपासून तिथं ठोक्यांचा आवाज. आमच्यासारख्यांची बँक म्हणजे ती आळी. लग्नात आलेला तांब्याचा हंडा अडीनडीला तिथं न्यायचा, तांबट तो तराजूत टाकायचा आणि मोडीच्या भावानं पैसे हातावर ठेवायचा. आमच्याकडे हंडे दोनच. थोरल्या बहिणीचं नाव सातवीनंतर काढलं, त्याला कारणं बरीच सांगितली गेली. मला वाटतं, खरं कारण हंड्यांचा हिशेब हेच होतं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि ते दोन्ही हंडे पुरात गेले. भिंती गेल्या, पुस्तकं गेली. मी तेव्हा अकरावीत. त्या वर्षी फॉर्मची तारीख जवळ आली तेव्हा मोडीत घालायलाही घरात काही उरलं नव्हतं. वडील शाळेत आले, टोपी हातात घेऊन उभे राहिले.

“गुरुजी, पोरगं हुशार हाये म्हनता. पर रोकडा कुठनं आनू?”

गुरुजी म्हणाले, “शाळेच्या फंडातनं निम्मे बघतो. निम्म्याचं तुम्ही बघा. तारीख माझ्या हातात नाही.”

निम्मे आले ते भिशीतून. हमालांची भिशी दर महिन्याला चिठ्ठी टाकून निघायची. त्या महिन्यात चिठ्ठी दुसऱ्याच गड्याच्या नावाची निघाली. तोही पूरग्रस्तच, त्यालाही पत्रे घ्यायचे होते. तो म्हणाला, “आधी पोराची फी भर, पत्र्याचं बघू मंग.” त्यानं तो पावसाळा कसा काढला, ते मी पाहिलंय.

आजही दुष्काळ जाहीर झालेल्या गावांतल्या मुलांची परीक्षा फी सरकार माफ करतं. पण बहुतेक वेळा मुलानं आधी भरायची आणि मागाहून ती खात्यात परत यायची, अशी तऱ्हा. आधी भरायचं, हीच तर अडचण असते. हे कागद करणाऱ्याला कधी हंडा मोडावा लागला नसावा.

माझा निकाल लागला तेव्हा वडिलांचे भिशीचे चार हप्ते बाकी होते. बहिणीनं त्या वर्षी विड्या वळून त्यातले दोन भरले.