अद्ययावतीकरणानंतर संगणकाची मंदगती

संचालन प्रणालीची नवी आवृत्ती किंवा सुधारणा बसविल्यानंतर संगणकाचा वेग लक्षणीयरीत्या कमी होणे, यास अद्ययावतीकरणानंतरची मंदगती असे म्हणतात. संचालन प्रणालीस व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम हेच नाव रूढ आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः विंडोज प्रणालीचा विचार केला असून स्थानिक परिस्थितीचे संदर्भ खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांचे आहेत.

स्वरूप व निदान

अद्ययावतीकरण पूर्ण झाल्याचा संदेश पडद्यावर आला, तरी काम संपलेले नसते. फाइलींची शोधसूची नव्याने तयार होणे, विषाणू-तपासणी, उरलेल्या सुधारणा उतरविणे ही कामे पडद्यामागे काही तास, जुन्या यंत्रावर एखादा दिवसही चालतात. या काळात संगणक वारंवार बंद केल्यास तीच कामे पुन्हा सुरू होतात आणि मंदगती लांबते. त्यामुळे संगणक एक-दोन दिवस पुरेसा वेळ चालू ठेवणे हा पहिला उपाय होय.

त्यानंतरही फरक न पडल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळी एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. डिस्कचा वापर सतत १०० टक्क्यांजवळ असेल, तर दोष बहुधा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्याऐवजी एसएसडी बसविल्याने जो फरक पडतो, तो अन्य कोणत्याही एका उपायाने क्वचितच पडतो. स्मृती भरलेली दिसल्यास संगणकासोबत आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. ४ जीबी रॅम आज अपुरीच पडते. केवळ पडदा अडखळत असेल, तर चित्रदर्शनाचा ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून पुन्हा बसवावा. वेग वाढविण्याचे आश्वासन देणारे मोफत 'क्लीनर' प्रोग्राम टाळणेच श्रेयस्कर. ते स्वतःच स्मृती अडवून बसतात.

उष्णता, धूळ व वीज

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. प्रक्रियक सुमारे ९० ते १०० अंशांपर्यंत तापला की स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो. अद्ययावतीकरणानंतरच्या वाढीव कामामुळे ही मर्यादा लवकर गाठली जाते आणि दोष मात्र नव्या आवृत्तीला दिला जातो. कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या परिसरात धुळीसोबत बारीक तंतूही पंख्यात अडकतात. सकाळी सुरळीत चालणारा संगणक दुपारी मंदावत असेल, तर प्रथम पंखा स्वच्छ करून घ्यावा.

अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेल्यास ते अर्धवट राहते, केलेले बदल मागे घेतले जातात व सारी प्रक्रिया नव्याने होते. डेस्कटॉप संगणकास यूपीएस असल्याखेरीज भारनियमनाच्या वेळेत हे काम हाती घेऊ नये. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट चालविणाऱ्यांनी ती जोडणी 'मीटर्ड' म्हणून नोंदवावी, म्हणजे मोठ्या सुधारणा कामाच्या वेळी डेटा खाणार नाहीत.

पूर्वीच्या आवृत्तीकडे परतणे

विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर साधारणतः १० दिवसांपर्यंत सेटिंग्जमधील 'रिकव्हरी' विभागातून जुनी आवृत्ती परत आणता येते. जागा मोकळी करण्याच्या भरात 'विंडोज.ओल्ड' हा फोल्डर पुसल्यास हा मार्ग बंद होतो. अनेकांची फसगत नेमकी येथे होते. परतण्यापूर्वी, तसेच डिस्क बदलण्यापूर्वी, परीक्षेची कागदपत्रे, छायाचित्रे, टॅलीमधील हिशेब यांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. दुरुस्तीच्या दुकानात 'फॉरमॅट' हा शब्द सहज उच्चारला जातो, पण त्यानंतर गेलेली माहिती सहसा परत मिळत नाही.

जुने संगणक

विंडोज १० या आवृत्तीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण व टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक आहे. या अटी न पाळणाऱ्या यंत्रांवर आडमार्गाने नवी आवृत्ती बसविल्यास पुढील सुधारणांची हमी राहत नाही. अशा यंत्रांवर लिनक्सची हलकी आवृत्ती बसविता येते. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्स-आधारित भारतीय प्रणाली असून तीत मराठीची सोय आहे. मात्र टॅलीसारखे विंडोजसाठीचे प्रोग्राम लिनक्सवर थेट चालत नाहीत, हे व्यापाऱ्यांनी आधी पाहावे.