रोबोटपेक्षा मोठे बक्षीस

अमेरिकेतल्या हायस्कूलच्या रोबोटिक्स क्लबांविषयी आपल्याकडे जे छापून येते, ते बहुधा यंत्राविषयी असते: त्याने चेंडू किती उंच फेकला, कोणाला हरवले, चषक कोणी पटकावला. पण ‘फर्स्ट’ या संस्थेने उभ्या केलेल्या स्पर्धांमध्ये सर्वांत मानाचा पुरस्कार मैदान मारणाऱ्या रोबोटला मिळतच नाही. आपल्या वस्तीत, शेजारच्या शाळांत, वाचनालयांत तंत्रज्ञानाची गोडी रुजवणाऱ्या संघाला तो मिळतो. पहिल्या स्पर्धेपासून तो ‘चेअरमन्स अवॉर्ड’ म्हणून ओळखला जाई. २०२३च्या हंगामापासून त्याचे नाव ‘इम्पॅक्ट अवॉर्ड’ झाले. मुलांच्या या लोकसेवेकडे अनेक जण शोभेची जोड म्हणून पाहतात. खरे काम वर्कशॉपमध्ये होते आणि बाकीचे कॉलेजच्या अर्जात लिहायला बरे, असा तो समज. या चळवळीचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. गावात जाऊन शिकवणे ही या क्लबांची स्वतःची गरज होती आणि त्या गरजेतूनच ते टिकले, वाढले.

डीन केमेन या संशोधकाने १९८९ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर शहरात ‘फर्स्ट’ स्थापन केली. एकेकाळी हे शहर प्रचंड कापडगिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. १९३०च्या दशकात तिथली मुख्य गिरणी बंद पडली. पुढे त्याच गिरण्यांच्या विटांच्या इमारतींत केमेनने आपली कंपनी थाटली. मुलांना खेळाडू आणि नटनट्या आदर्श वाटतात, अभियंता कोणाच्या गावीही नसतो, ही त्याची तक्रार होती. स्पर्धेचा साचा आला एमआयटीतून. तिथले प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स १९७०च्या दशकापासून विद्यार्थ्यांना किरकोळ सामानाची पेटी देऊन त्यातून यंत्र बनवायला लावत आणि ती यंत्रे एकमेकांसमोर उभी करत. १९९२ मध्ये मँचेस्टरच्या मेमोरियल हायस्कूलच्या व्यायामशाळेत २८ संघ जमले. मैदानावर मक्याच्या दाण्यांचा थर पसरला होता आणि वायरने जोडलेल्या यंत्रांनी त्यातून टेनिसचे चेंडू गोळा करायचे होते. दाण्यांवर चाके घसरणार, हीच त्यातली मेख. हेतू जर ‘लोक कोणाला डोक्यावर घेतात’ हे बदलण्याचा असेल, तर बंद खोलीत राहून उत्तम यंत्र बनवणारा क्लब त्या हेतूपुरता नापासच म्हणायचा. सर्वोच्च पुरस्कार पहिल्याच वर्षी मैदानाबाहेरच्या कामासाठी ठेवला गेला, त्यामागचा तर्क मला हा दिसतो.

मात्र संस्थापकांचा हेतू एवढ्यानेच तीन दशकांचा प्रवास उलगडत नाही. दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे. अमेरिकन हायस्कूल चार वर्षांचे असते, त्यामुळे दर उन्हाळ्यात क्लबातली सर्वांत जाणती तुकडी निघून जाते. गिअरचे प्रमाण कसे काढायचे, वायरिंग कुठे सैल होते, हे ज्ञान कागदावर फार थोडे उतरते. ते हातांत असते आणि हातांबरोबरच जाते. म्हणून क्लबला सतत नवी मुले लागतात आणि ती खालच्या वर्गांतून घडवावी लागतात. १९९८ मध्ये ‘फर्स्ट लेगो लीग’ची चाचणी झाली, पुढच्या वर्षी ती रीतसर सुरू झाली आणि हायस्कूलच्या क्लबांना लहानांचे संघ घडवण्याची वाट मिळाली. अशा कामातले शिक्षण वरवरचे नसते. वाचनालयात पन्नासेक किलोंचा रोबोट नेऊन चालवून दाखवायचा, तर आधी प्रोग्राममध्ये त्याचा वेग उतरवावा लागतो, सहा किलोंची बॅटरी घट्ट बांधली आहे ना हे पाहावे लागते, रोबोट तत्काळ बंद करण्याच्या बटनाशी एकाला उभे करावे लागते. आणि मग आठ वर्षांची मुलगी विचारते, की याचा हात वर गेल्यावर आपोआप कसा थांबतो? तिला कळेल असे उत्तर द्यायचे, तर सेन्सरकडून येणारा संदेश आणि मोटर यांचा संबंध सांगणाऱ्याला स्वतःला पक्का कळलेला लागतो. पाठ केलेले वाक्य तिथे उपयोगी पडत नाही.

अॅरिझोनातल्या फिनिक्स शहराच्या पश्चिम भागातल्या कार्ल हेडन हायस्कूलचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. इथली बहुतेक मुले गरीब, मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांतली. २००४ मध्ये या शाळेच्या चार मुलांनी साध्या पीव्हीसी पाइपांतून पाण्याखालचा रोबोट बनवला आणि सँटा बार्बरा इथल्या स्पर्धेत एमआयटीच्या संघालाही मागे टाकले. ही गोष्ट जगभर गेली, तिच्यावर पुस्तक आणि चित्रपट निघाले. पण त्याच शाळेच्या क्लबने २००८ मध्ये ‘फर्स्ट’च्या राष्ट्रीय पातळीवर चेअरमन्स अवॉर्ड मिळवले, हे फारसे कोणी सांगत नाही. मला ही दुसरी बातमी मोठी वाटते. एकदा जिंकायला चार हुशार मुले आणि दोन जिद्दी शिक्षक पुरतात. वस्तीचा आधार मिळवून वर्षानुवर्षे क्लब चालवायला त्याहून बरेच काही लागते.

यावर आक्षेप येतात आणि ते गंभीर आहेत. पहिला असा, की बक्षिसासाठी केलेली सेवा ही सेवाच नव्हे. परीक्षकांपुढे उभी राहून मुले आपण किती शाळांत गेलो याचे आकडे मांडतात, तेव्हा आकड्यांचा मोह शिरतोच. हे मान्य. पण वाचनालयात मोटर हाताळून पाहणाऱ्या मुलीला शिकवणाऱ्याच्या मनात काय आहे याने फरक पडत नाही. फरक पडतो तो महिन्याभराने कोणी परत आले की नाही याने. म्हणून दोष मोजमापात शोधावा. किती जणांपर्यंत पोहोचलो यापेक्षा किती काळ टिकलो, याला वजन हवे. दुसरा आक्षेप पुराव्याचा. ब्रँडाइस विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये दाखवले, की या क्लबांचे माजी विद्यार्थी अभियांत्रिकीकडे अधिक वळतात आणि स्वयंसेवेतही अधिक दिसतात. मुळात तशा वृत्तीची मुलेच क्लबात येत असतील, ही शंका रास्त आहे आणि एका अभ्यासाने ती फिटत नाही. तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला सर्वांत बोचतो. नोंदणीलाच हजारो डॉलर लागतात, शिवाय सामान आणि प्रवास. सधन शाळेला हे सोपे. पण याच कारणाने लोकांत जाण्याचे काम अधिक आवश्यक ठरते: ज्या शाळेला स्वतःचा संघ परवडत नाही, तिच्या मुलांना यंत्राला हात लावण्याची संधी बहुधा शेजारच्या क्लबामुळेच मिळते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हा शाळेतल्या मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती शिकावी आणि त्या कौशल्यांतून गावाला लागणारी कामे करून द्यावीत, हे त्यांच्या शिक्षणक्रमाचे सूत्रच होते. गावासाठी केलेले फाटक नीट लागले नाही, तर ते गावकरीच सांगत. वेगळ्या परीक्षकाची गरज नव्हती. २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून शाळांना वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले आणि रोबोटचे सुटे भाग आपल्या वर्गांत आले. आता प्रश्न त्या खोलीच्या दाराचा आहे. शनिवारी दुपारी ती जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुलांसाठी उघडायची असेल, तर किल्ली कोणाकडे राहील, शिकवायला नववीतली कोणती मुले येतील आणि त्या कामाची शाळेच्या लेखी काही नोंद होईल का, हे मुख्याध्यापकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवायला हवे.