वादळाची वर्दी आणि सरकारी तिजोरी

सप्टेंबर १८६५ मध्ये मॅनिलावरून एक टायफून गेला. फिलिपिन्सवर तेव्हा स्पेनचं राज्य होतं. शहरातल्या जेझुइट पाद्र्यांच्या आतेनेओ शाळेत वादळ घोंघावत असताना कोणीतरी बॅरोमीटरवर नजर ठेवून नोंदी केल्या आणि पुढे त्या वर्तमानपत्रात छापून आल्या. बंदरातल्या व्यापाऱ्यांना त्यांचं मोल लगेच कळलं. अशा नोंदी रोज ठेवता येतील का, अशी विचारणा झाली.

पाद्री तयार होते, पण साधनं हवी होती. रोममधले जेझुइट शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी हवेचा दाब, तापमान, वारा आणि पाऊस आपोआप कागदावर उतरवणारं यंत्र बनवलं होतं. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचं कौतुक झालं होतं. मॅनिलाच्या व्यापाऱ्यांच्या मदतीने ते यंत्र आलं.

वेधशाळेचा कारभार फेदेरिको फाउरा पाहत. १८७९ च्या जुलैत त्यांनी टायफून येत असल्याचा जाहीर इशारा दिला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिला आणि तोही खरा ठरला. पाद्र्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास बसला तो असा, बॅरोमीटरच्या आधारे.

पण फाउरांची खरी अडचण वेगळीच होती. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, की वादळाचं केंद्र साधारण डाव्या हाताला असतं. एका ठिकाणाहून एवढी दिशा कळते. ते किती दूर आहे आणि कुठे निघालं आहे हे कळायला अनेक ठिकाणच्या नोंदी एकाच वेळी हाताशी लागतात. त्यासाठी ठिकठिकाणी माणसं हवीत आणि तारयंत्र हवं. वर्गणीतून एक यंत्र घेता येतं, पण बारा महिने रात्रंदिवस चालणारं जाळं उभं करायला सरकारी तिजोरीच लागते. १८८० मध्ये हाँगकाँगशी समुद्री तार जोडली गेली तेव्हा हा मुद्दा आणखी ठळक झाला. मॅनिलात दिलेला इशारा आता चीनच्या किनाऱ्यालाही उपयोगी पडणार होता. अखेर १८८४ च्या राजाज्ञेने वेधशाळा सरकारी संस्था झाली आणि लुझॉन बेटावर तिची उपकेंद्रं मंजूर झाली.

सरकारी झाल्यावर सरकारी लहरही आली. १८९८ मध्ये स्पेन हरलं आणि अमेरिकी सत्ता आली. पुढच्याच वर्षी हाँगकाँग वेधशाळेचे प्रमुख विल्यम डोबर्क यांनी अमेरिकेकडे तक्रार केली, की मॅनिलातले लोक शास्त्र न जाणता घबराट पसरवतात. इशारे थांबवण्याचा हुकूम सुटला. गंमत अशी, की आरडाओरडा हाँगकाँगमध्येच झाला, कारण तिथल्या जहाजांचा भरवसा मॅनिलाच्या तारांवर होता. हुकूम मागे घ्यावा लागला. धर्म आणि राज्य वेगळं ठेवण्याची घटनेत ग्वाही देणाऱ्या अमेरिकेने १९०१ मध्ये फिलिपिन्सचं हवामान खातं स्थापलं, तेव्हा त्याच्या प्रमुखपदी जेझुइट पाद्री होसे अल्गे यांनाच नेमलं.

फेब्रुवारी १९४५ मध्ये मॅनिलाच्या लढाईत वेधशाळा जळाली. यंत्रं गेली, ग्रंथालय गेलं, आणि आठ दशकं जपलेल्या नोंदीही गेल्या. पाद्र्यांनी पुढे बागिओला नवी वेधशाळा उभारली, पण वादळाची वर्दी देण्याचं काम आता सरकारी खात्याकडे होतं. १९७२ पासून ते ‘पगासा’ ही संस्था करते.

हा काही पाद्र्यांचा पराभव नव्हे. वादळाआधी माणसाला सावध करणं त्यांना धर्मकार्य वाटत होतं, आणि म्हणूनच ते एका संस्थेच्या दानावर अवलंबून राहू नये, यासाठी ते सरकारकडे गेले होते. आज कुठल्याही देशात हवामान खात्याच्या खर्चाला कात्री लावण्याची चर्चा निघाली, की मला फाउरांचं एकट्याचं बॅरोमीटर आठवतं. ते वादळाची दिशा सांगू शकत होतं, वाट नाही.