ओट्यानं ठरवलेली भिंत

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या जुन्या सोसायटीत स्वयंपाकघराचं काम निघालं की घरात सर्वांत जास्त चर्चा डाडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या, लादीवर होते. ओटा भक्कम असतो, जमिनीवरचं मोझेइक उखडायचं नसतं, कपाटांचा सनमायकाही अजून चार वर्षं चालणार असतो. बदलायची असते ती फक्त ओट्यामागची भिंत, आणि तिनं या सगळ्यांशी जुळवून घ्यायचं असतं. या अडचणीमागे उपनगरांचा निदान सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

त्याआधी मुंबईत नक्षीची लादी मुख्यतः जमिनीवर दिसे. भाऊ दाजी लाड संग्रहालयासारख्या इमारतींसाठी ती थेट इंग्लंडच्या मिंटन कारखान्यातून आली. 1922 साली सिधवा कुटुंबानं ‘भारत फ्लोअरिंग्ज’ सुरू करून स्वदेशी सिमेंटच्या लाद्या पाडायला घेतल्या आणि मध्यमवर्गीय घरांनाही नक्षी परवडू लागली. स्वयंपाकघराच्या भिंतीला मात्र चुनाच होता. चूल जमिनीवर, स्वयंपाक बसून आणि भिंत धुरानं काळवंडलेली, अशा जागी चकचकीत लादी लावायचं कोणाला सुचणार?

1950 आणि 1957 अशा दोन टप्प्यांत महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. पंतनगर, डी. एन. नगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्याच सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस आला आणि धूर कमी झाला. बाई उभ्यानं स्वयंपाक करू लागली. ओट्याला दगड आला तो आंध्रातला काळा कडप्पा, कारण तो स्वस्त होता आणि लांब पट्ट्यांत मिळत होता. काळ्या ओट्यामागे फोडणीचे शिंतोडे पुसता येतील अशी भिंत हवी होती. 1958 साली स्थापन झालेल्या एच. अँड आर. जॉन्सननं ठाण्यात चिनी मातीच्या लाद्या बनवायला सुरुवात केली, आणि हा माल पूर्व उपनगरांच्या वेशीवरच तयार होऊ लागला.

सहा इंची पांढरी लादी त्या काळाची खूण ठरली. ती महाग असल्यानं ओट्यावर दोन-तीन ओळी बसवायच्या आणि वर ऑइलपेंट मारायचा. कडप्प्याच्या काळ्यापुढे पांढरा रंग उठून दिसे, अंधाऱ्या स्वयंपाकघरात उजेडही वाढे. तक्रार एकच होती. सांध्यांतलं पांढरं सिमेंट हळद पिऊन पिवळं पडे.

पुढे कडप्पा मागे पडला. तो चुनखडीच्या जातीचा दगड, त्यामुळे लिंबू-चिंचेनं त्याच्यावर डाग पडत. ग्रॅनाइटला ती भीती नव्हती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ग्रॅनाइट आला आणि भिंतीचा रंगही बदलला. 1988 साली कजारिया या लाद्यांच्या कंपनीचं उत्पादन सुरू झालं, गुजरातेतल्या मोरबीत भट्ट्या वाढल्या आणि लाद्या संचात मिळू लागल्या: खाली गडद, वर फिकी आणि मधे फळांच्या चित्राचा ‘हायलायटर’. द्राक्षांचे घड आणि किटल्या घरोघरी आल्या. काळ्या ग्रॅनाइटवर हस्तिदंती रंग शोभून दिसे. ठिपकेदार तपकिरी ग्रॅनाइटमागे मात्र चित्रांची लादी गर्दी करी, आणि मोझेइकचे खडे त्या गर्दीत भर घालत.

जुन्या लादीशी नवी जुळत नाही, यामागे भट्टीचं कारण आहे. माती, लुकण आणि तापमान यांत थोडा फरक पडला तरी छटा बदलते. म्हणूनच खोक्यावर शेड आणि बॅचचे क्रमांक छापतात. दहा वर्षांपूर्वीची पांढरी लादी आज त्याच कंपनीकडेही तशीच मिळेल याची खात्री नसते. अशा वेळी जवळपास जुळणारी छटा लावली की भिंत ठिगळ लावल्यासारखी दिसते. त्यापेक्षा सरळ वेगळा रंग निवडावा आणि तो ओट्याच्या दगडातूनच उचलावा.

आज पुनर्विकासात या वसाहती पाडल्या जात आहेत आणि त्यांच्याबरोबर सहा इंची पांढऱ्या लाद्याही मलब्यात जात आहेत. ज्यांचं स्वयंपाकघर अजून शाबूत आहे, त्यांनी दुकानात जाताना ओट्याच्या दगडाचा तुकडा आणि सनमायकाचा नमुना बरोबर न्यावा. नमुन्याची लादी घरी आणून दिवसाच्या आणि ट्यूबलाइटच्या उजेडात ओट्यामागे उभी करून पाहावी. पसंत पडली की सगळी खोकी एकाच बॅचची घ्यावीत, आणि एक खोकं जास्तीचं घेऊन माळ्यावर ठेवावं.